जोतीरामाचे अनारसे

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्याला नाथाजी मिस्त्रीचं गॅरेज होतं. वर पत्र्याचं छप्पर, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन आणि कडेला एका मोडीत निघालेल्या लॉरीची गादी टाकून केलेली बैठक. लढाई संपली होती, पण पेट्रोलचं रेशन काही उठलं नव्हतं. त्यामुळे दुरुस्तीला गाड्या कमी यायच्या आणि गप्पांना वेळ भरपूर असायचा.

त्या गादीवर संध्याकाळी तिघं बसत. स्वतः नाथाजी, गुळाच्या एका व्यापाऱ्याची गाडी चालवणारा जोतीराम आणि फौजेत ट्रकवर असलेला, सध्या रजेवर आलेला कृष्णात. बोलणं गाड्यांवरून निघायचं आणि कुठल्या तरी वळणाला खाण्यापिण्यात शिरायचं. कृष्णात मिलिटरीच्या गाड्यांचं कौतुक करायला लागला, की नाथाजी बिडी बाजूला काढून म्हणायचा, "तुज्या गाड्या कुनीबी चालवंल रं. जुन्या फोर्डला मानूस वळखू यायचं. चालू करायला आडमुठ्यानं हँडल मारलं, की त्याचं मनगट गेलंच म्हनून समज."

मालकांची तसलीच जुनी फोर्ड जोतीरामानं बरीच वर्षं चालवली होती. तिची पेट्रोलची टाकी सीटखाली असे आणि पेट्रोल आपल्या वजनानंच इंजिनाकडे उतरे. टाकीत थोडं उरलेलं असताना मोठा चढ आला, की इंजिन उपाशी राहून बंद पडे. मग एकच इलाज होता. गाडी फिरवायची आणि सबंध चढ उलटा, मागं बघत चढायचा. एकदा मालकांची परवानगी घेऊन त्यानं बायकोला, चंद्राबाईला, पाटणजवळच्या तिच्या माहेरी याच गाडीतून नेलं होतं. शेवटचा चढ असाच उलटा चढला. घरी पोचल्यावर ती बहिणीला म्हणाली, "ह्यांच्या गाडीत बसलं, तर म्हायेरला जातानाबी तोंड सासरकडंच." हा किस्सा जोतीराम दर चार दिवसांनी सांगे आणि दोघं दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं हसत. चंद्राबाई गेल्याला आता दीड वर्ष होऊन गेलं होतं.

यंदाच्या दिवाळीचं मात्र जोतीरामाला ओझं झालं होतं. वैशाखात त्यानं एकुलती लेक विजयमाला कवठे महांकाळला दिली. तिची ही पहिली दिवाळी. जावयाला घेऊन ती माहेरी यायची होती आणि माहेरात आई नव्हती. मेहुणीनं, हरणाबाईनं, पाटणहून निरोप धाडला होता, की पोरीचा दिवाळसण आमच्याकडे करू. जोतीरामानं नको म्हणून कळवलं. लेकीनं आपल्याच घरी यायचं, पाटावर बसायचं, आणि चार दिवस चुलीकडे फिरकायचंसुद्धा नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. आई नाही म्हणून पोरीला पहिल्याच सणाला पदर खोचावा लागला, असं कुणी म्हणायला नको. आणि तिला स्वतःला तसं वाटायला तर मुळीच नको.

शेजारच्या बयाबाईनं करंज्या आणि चकल्या अंगावर घेतल्या. पण अनारसे करून देते म्हणाली, तेव्हा जोतीराम अडला. अनारसे ही चंद्राबाईची खासियत. मालकांच्या घरीसुद्धा दिवाळीला तिच्याच हातचे अनारसे जात. ते मी करणार, असं तो म्हणाला, तेव्हा बयाबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि कृती सांगितली. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग कापडावर पसरून दमट असतानाच कुटायचे, चाळायचे आणि गूळ घालून गोळा मुरत ठेवायचा.

जोतीरामानं सगळं तसंच केलं. तांदूळ हरणाबाईनं रुसवा बाजूला ठेवून पाटणहून पाठवले होते. फक्त गूळ घालताना त्याचा हात थांबला नाही. गुळाच्या पेढीवरचा माणूस तो. त्यानं सगळ्यात पिवळीधमक ढेप निवडून आणली होती आणि लेकीच्या सणाला हात आखडता कशाला घ्यायचा, म्हणून बयाबाईनं सांगितल्यापेक्षा चांगला मूठभर जास्तच घातला.

लेक यायच्या आदल्या दुपारी तिघंही चुलीपुढे बसले. नाथाजीनं हात राखेनं दोनदा घासले, तरी नखांतलं काळं तेवढं राहिलंच. जोतीरामानं खसखशीवर पहिली पुरी थापली आणि तुपात सोडली. ती क्षणभर फुलली, मग कडेनं सुटत गेली, आणि बघता बघता कढईभर तुकडे तरंगू लागले. अनारसा असा तुपात फुटला, की तो हसला म्हणतात. दुसरा हसला, तिसराही हसला.

नाथाजीचं निदान झालं, की गाडी गार आहे. त्यानं चुलीत दोन लाकडं सारली. आता पुरी फुटायच्या आधी काळी पडू लागली आणि घरभर जळक्या गुळाचा वास सुटला. कृष्णात डोळे पुसत म्हणाला, "जोतीदा, धूर बघा की. इंजनात पेट्रोल जास्ती झालं, की असाच काळा धूर मारतंय."

जोतीराम झारा हातात धरून थांबला. गाडीचं असतं तर त्याला एवढं सांगावं लागलं नसतं. गूळ जास्त झाला होता. घरात कोरडं पीठ थोडं उरलेलं होतं. त्यानं निम्म्या गोळ्यात त्यातलं थोडं मिसळलं आणि जाळ ओढून घेतला. पुरी टाकली, उलटून दोन्ही अंगांनी तळली. ती हसली नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतरचे सगळे अखंड उतरले, गोल आणि तांबूस. नाथाजीनं एक फोडायला घेतला, तर त्याला गुडघ्याचा आधार घ्यावा लागला.

"मजबूत झाल्यात," एवढंच तो म्हणाला.

फुटलेला सगळा चुरा जोतीरामानं एका डब्यात भरला, डबा वरच्या फळीवर मागं सारला आणि दोघांना बजावलं, की यातलं एक अक्षर पोरीपुढे निघता कामा नये.

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या स्टेशनवर लेक आणि जावई उतरले. मालकांनी दिवसभरासाठी जुनी फोर्ड दिली होती. जावई भाऊसो मितभाषी, पण गाडीभोवती त्यानं दोन फेऱ्या मारल्या. विजयमाला मागच्या सीटवर बसली. तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं आणि ती थोडी वाळली होती, की नुसतीच मोठी दिसत होती, हे जोतीरामाला कळेना. वाटेत त्यानं दोनदा विचारलं, तिकडं सगळं ठीक हाय न्हवं. दोन्ही वेळा ती व्हय म्हणाली.

घरी आल्यावर त्यानं दोघांना पाटावर बसवलं. ती पाणी घ्यायला म्हणून उठली, तर हात धरून परत बसवली. पाणी कृष्णातानं आणलं, ताटं नाथाजीनं मांडली. फौजेतला आणि गॅरेजातला गडी आपल्याला वाढतायत, हे बघून विजयमाला हसली. पण पाटावर ती अगदी सरळ, परक्या घरी बसावं तशी बसली होती. तिची नजर सारखी आतल्या दाराकडे जात होती. जोतीरामाला ते दिसत होतं, आणि ती तिथं कुणाला शोधतेय हेही कळत होतं. एवढं सगळं करून शेवटी ते झालंच, असं त्याला वाटलं.

भाऊसोनं अनारसा दाताखाली धरला, थोडा वेळ झुंज दिली आणि चांगला झालाय म्हणाला. विजयमालानं आपल्या ताटातला अनारसा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि परत ठेवला.

"आबा, हसलेलं कुठं हायती?"

जोतीरामाला वाटलं, ती थट्टा करतेय. तो घाईनं म्हणाला, "एकबी हसला न्हाई."

"न्हाई कसं?" कृष्णात बोलून गेला. "डबा भरलाय की."

जोतीरामानं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून अंगणातच गेला. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. डबा खाली आला. विजयमालानं झाकण काढलं, मूठभर चुरा वाटीत घेतला, वर दूध ओतायला लावलं आणि बोटांनीच खाऊ लागली. खाता खाता सांगू लागली. दर दिवाळीला आई असंच करायची. चांगले सगळे मालकांच्या घरी आणि पाहुण्यांना. मग उरलेला हा चुरा आणि दूध घेऊन दोघी मायलेकी चुलीपुढे बसायच्या. कधी एखादाही हसला नाही, तर आई मुद्दाम दोन फोडायची.

जोतीराम ऐकत राहिला. दिवाळीआधीचे ते दिवस त्याचे नेहमीच रस्त्यावर गेले होते. मालकांचे पाहुणे आणायचे, पोचवायचे. तो घरी यायचा तेव्हा ताटात अखंड, जाळीदार अनारसा असायचा. आपल्या घरात दूध आणि चुऱ्याची एक वेगळी दिवाळी होती, हे त्याला आज कळत होतं.

"मला कुनी सांगितलं न्हाई," तो म्हणाला.

"तुमी कवा घरी व्हता?" ती सहज म्हणाली. त्यात राग नव्हता. वाटी संपवून तिनं ती चाटली, अगदी पोरीसारखी.

थोड्या वेळानं जोतीराम खाली मान घालूनच म्हणाला, "आतला निम्मा गोळा ऱ्हायलाय. मला काय जमंना. तू..." आणि थांबला. त्यानंच घातलेला नियम त्याला आडवा आला होता.

विजयमाला उठली. पण ती चुलीपाशी गेली नाही. पाट उचलून तिनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ठेवला आणि भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसली.

"मी म्हायेरपनाला आलीया, आबा. मी काय करनार न्हाई. बसा तुमी तितं. मी सांगते."

बाहेर भाऊसोला मनासारखी जागा सापडली होती. तो फोर्डच्या सीटखाली डोकावून नाथाजीला टाकीबद्दल काहीतरी विचारत होता, आणि नाथाजीला तर तेच हवं होतं. कृष्णात हळूच आत येऊन चुलीत जाळ घालू लागला. तिनं त्याला एक लाकूड मागं ओढायला लावलं.

जोतीरामानं उरलेलं पीठ मिसळलं, तिनं सांगितलं तेवढंच. पुरी तुपात सोडली आणि सवयीनं ती उलटायला झारा पुढं केला.

"आबा, थांबा. उलटायचं न्हाई त्येला. खसखस वर ऱ्हाऊ द्या आन् झाऱ्यानं वरनं तूप उडवा. आसं. हळू."

तो हळू हळू तूप उडवू लागला. पुरीला बारीक बारीक जाळी पडू लागली. काढायची वेळ झाली की नाही ते त्याला ठरवता येईना, म्हणून झारा कढईवर तसाच धरून त्यानं मान वळवली आणि उंबऱ्याकडे पाहिलं.

"आजून थोडं," ती म्हणाली. तो थांबला.