गोणीवरचा लाल ठिपका

आज दुकानातून तांदूळ तागाच्या पिशवीत आला आणि त्या वासाने मला थेट मार्केट यार्डात नेऊन उभं केलं.

मी तेव्हा यवतमाळहून नुकतीच पुण्यात एका जाहिरात कंपनीत नोकरीला आले होते. एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी काढलेलं माझं दुसरं बोधचिन्हही साहेबांनी परत केलं. "अहो, एवढी नक्षी? लग्नपत्रिका आहे का ही? उद्या जमलं नाही, तर काम दुसऱ्याला देतो."

त्याच दिवशी रडवेल्या चेहऱ्याने मावशीबरोबर मार्केट यार्डात गहू आणायला गेले. तिथे प्रत्येक व्यापाऱ्याच्या गोण्यांवर वेगळी खूण होती, कुठे लाल ठिपका, कुठे दोन हिरवे पट्टे. घाम पुसत बसलेल्या हमालाला विचारलं, "नाव का नाही लिहीत?"

"ताई, पाठीवर वझं घेऊन वाचत कोण बसतंय? लांबनं दिसलं पायजे."

घरी येऊन सगळी नक्षी खोडली. एक जाड लाल वर्तुळ आणि त्याखाली रेघ, बस्स.

सकाळी साहेबांनी कागद भिंतीला लावला, मागे सरकत दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "इथूनही दिसतंय." स्वारगेटपर्यंत नाचत जावंसं वाटलं मला!

आता ते चिन्ह हिंजवडीतल्या उंच इमारतीवर आहे. पाठीवर लॅपटॉपच्या जड बॅगा घेतलेली पोरं ते लांबून बघतात आणि नाव न वाचताच बसमधून उतरायला उठतात.