रुग्णगाडीची झडप

रविवारी दुपारी ती न्हाणीघरातून बाहेर आली, तेव्हा टेबलावरची चिमुकली गाडी नव्हती. रंगाच्या बाटल्या जागच्या जागी होत्या, सुकत ठेवलेले करंगळीएवढे दोन शिपाई तसेच उभे होते. गाडी तेवढी गायब. आणि सासऱ्यांच्या खोलीचं दार आतून बंद.



ती एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि घरी आलं की लढाईतल्या चिमुकल्या गाड्या घेऊन बसायचं, असा तिचा नाद. प्लॅस्टिकचा संच आणायचा, पण डब्यावरच्या चित्रासारखा जोडायचा नाही. कापायचा, वाढवायचा, त्यातून भलतंच काही उभं करायचं. रणगाड्याचं तोंड उडवून तिथे क्रेन बसवायची, उभ्या शिपायाचे गुडघे कापून त्याला बसतं करायचं. मेण कोरायची हत्यारं, कवळीचं उरलेलं अ‍ॅक्रिलिक, सगळं कामी यायचं. नवरा बस चालवायचा. तो पाहुण्यांना सांगायचा, "हिच्या तावडीत सापडू नका. दात तरी जातील, नाहीतर गुडघे तरी."

सासरे हसायचे नाहीत. तरुणपणी त्यांनी फौजेत गाडी चालवली होती, पण त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. सुनेच्या कपाटासमोरून जाताना ते मान दुसरीकडे वळवायचे.

चार महिन्यांपूर्वी बटणांच्या डब्यात तिला एक फोटो सापडला. रुग्णगाडीच्या चाकाला टेकून उभे असलेले, मिसरूड फुटलेले सासरे. सासूबाईंनी फोटो हातातून काढून घेतला. "त्या गाडीच्या वाटेला जाऊ नकोस बाई. तुझा नवरा लहान होता तेव्हा कुणीतरी खेळण्यातली रुग्णगाडी आणली होती. ह्यांनी ती पाहिली आणि चार तास न्हाणीघरात कोंडून घेतलं. शेवटी दार फोडावं लागलं."

तरी तिला राहवलं नाही. तिने फोटो गुपचूप उचलला म्हणा, ढापला म्हणा. साध्या मालट्रकचा संच घेतला, मागचा हौदा कापून टाकला, प्लॅस्टिकच्या पत्र्याची बंद पेटी उभी केली. पातळ डिंकात भिजवलेल्या कागदाची ताडपत्री केली. आत पितळी तारेच्या स्ट्रेचरवर तीन जखमी. हिरव्या रंगावर काळपट पाण्याचा हात फिरवला, स्पंजाने गंज टिपला. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला द्यायची होती. एरवी खोक्यात दडवलेली असायची. आज शेवटचं वॉर्निश वाळायला म्हणून बाहेर राहिली.

"बाबा," तिने दारावर थाप मारली. "बाबा, दार उघडता का?"

कडी निघाली नाही.

सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. "मी सांगितलं होतं तुला."

"हो आई. चुकलं माझं."

"ह्यांच्या गोळ्या आतच आहेत. झोपेच्या."

हे ऐकलं आणि तिने फोन लावला. नवरा कामावर, फोन उचलत नव्हता. तिने दाराला कान लावला. आत काहीतरी टक् करून मोडलं.  खालच्या मजल्यावरच्या सुताराला हाक मारावी, तर तो गावाला गेलेला. तिने दार खालपासून वरपर्यंत पाहिलं. बिजागऱ्यांच्या पट्ट्या बाहेरच्या अंगाला होत्या. तिने पेचकस आणला, पाटावर चढली आणि वरचा स्क्रू काढला. मग दुसरा. तिसरा काही केल्या हलेना. घामाने पेचकस हातातून निसटत होता आणि मागे सासूबाई "अहो, अहो" अशा रडवेल्या हाका मारत होत्या.

"तो नाही फिरायचा," आतून आवाज आला. "मीच ठोकून बसवलाय."

कडी निघाली.

सासरे पलंगावर परत जाऊन बसले. गाडी त्यांच्या मांडीवर होती. मागच्या दाराची खिटी त्यांनी मोडून काढली होती. हातात चिमुकला तुकडा होता.

"खिटी तुटकी होती," ते म्हणाले. "दार दोरीने बांधायचो आम्ही."

ती जमिनीवर बसली. गोळ्यांची बाटली खिडकीत होती, भरलेली. 

सासरे एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे बोलले. घाटाचा चढ होता, मागून गोळीबार चालू होता. आत तीन जखमी आणि मलमपट्टी करणारा एक शिपाई. वळणावर दोरी सुटली आणि दाराजवळचा जखमी स्ट्रेचरसकट बाहेर गेला. तो शिपाई केबिनच्या पाठीवर बुक्क्या मारत ओरडला, "थांब! माणूस पडला, थांब!"

"तुम्हाला ऐकू नाही आलं," सासूबाई दारातून म्हणाल्या. एवढं त्यांना माहीत होतं. "इंजिनच्या आवाजात."

"तसं लिहून दिलं मी. सगळ्यांनी ते खरं मानलं. दोन जीव वाचवले म्हणून शाबासकीचं पत्र आलं." त्यांनी गाडी वळवली आणि केबिनच्या पाठीवरची छोटी सरकती झडप दाखवली. सुनेने ती फोटोत नसताना, केवळ तर्काने केली होती. उघडी. "ही उघडीच होती. मला ऐकू आलं. मी हात मागे नेला आणि बंद केली."



"मला सांगायचंत," सासूबाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

"नाहीतर कुठे जाणार होते? एवढी वर्षं तुम्ही तोंड फिरवून झोपलात, मला वाटायचं माझ्यावर राग आहे." आणि त्या पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेल्या.

सुनेला सांत्वनाचं एक वाक्य सुचलं, ते तिने गिळलं. "गाडी फेकून देऊ का, बाबा?"

"नको. बरोबर कर."

तिने शिवणाचा दोरा मेणात ओढून दोरी केली, दार बांधलं. दाराजवळच्या जखमीला हात लावायची तिची हिंमत होईना. सासरेच तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्याला आतच राहू दे." झडप मात्र त्यांनी स्वतः लावायची म्हटली.  तिने त्यांचं मनगट धरलं, त्यांनी चिमट्याने झडप सरकवली. मग डिंकाचा थेंब.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, तेव्हा सासऱ्यांनी त्याला समोर बसवून सगळं पुन्हा सांगितलं. तो ऐकून उठला आणि तीन दिवस बापाशी बोलला नाही. घरात भांड्याला भांडं लागलं तरी सगळे दचकायचे. सुनेला वाटलं, आपण छंदापायी घर मोडलं. तिने रंगांना हात लावला नाही.

चौथ्या दिवशी जेवताना नवऱ्याने ताटावरून मान वर केली.

"त्या वळणावर गाडी कितव्या गिअरमध्ये होती?"

"पहिल्या," सासरे म्हणाले.

"भरलेली गाडी, असा चढ. थांबली असती तर पुन्हा उचलली नसती कदाचित."

"कदाचित," सासरे म्हणाले. "पण थांबवायला हवी होती."

मुलाने नाही म्हटलं नाही. त्याने भाजीचं भांडं बापाकडे सरकवलं.