रूळ टाकायच्या आधी

अमावस्येला चौकात उतरवून टाकलेल्या लिंबावरून मुद्दाम गाडी नेणाऱ्यांतली मी. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव जेवताना नवऱ्याला वाचून दाखवते आणि दोघं मिळून हसतो, हेही सांगून टाकते. तेव्हा आज माझ्यावर कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा… कारण हे अजून संपलेलं नाही.

मी मूळची लातूरची, आता पुण्यात असते. एका परदेशी कन्सल्टन्सीत सिव्हिल इंजिनिअर आहे. आमचं काम रेल्वे आणि मेट्रोचं – रूळ कुठून न्यायचे, स्टेशन कुठे, पूल कुठे, हे आखून द्यायचं. बांधणारे वेगळे. मागच्या हिवाळ्यात नांदेड-लातूर पट्ट्यातल्या एका प्रस्तावित लाईनचं काम आमच्याकडे आलं. आखणीच्या रंगवलेल्या खुंट्या सोडल्या तर सगळं कागदावरच आहे हो, शेतात अजून खडीचा एक खडासुद्धा पडलेला नाही. नकाशा उघडला तर लाईन थेट माझ्या आजोळावरून! देवणीच्या पुढचं गाव. नाव मुद्दाम देत नाही.

या गावाच्या गुरांना रुळाखालून जायला एक छोटा अंडरपास आधीच्या आराखड्यात होता. खर्च कमी करताना टीमने तो काढला आणि गुरांनी पुढच्या गावाच्या मोठ्या अंडरपासातून जावं असं ठरवलं. जागा बघून 'चालेल' एवढं म्हणायचं काम माझ्याकडे आलं. मामाकडे हुरडा खायला मिळणार म्हणून मी उड्या मारतच निघाले.

माझा शिवाप्पामामा म्हणजे कपाळभर विभूती, जीभ फटकळ आणि सगळा जीव गुरांत. अस्सल देवणी गुरं, पांढरं अंग आणि काळं तोंड. त्यातली म्होरकी गाय गौरा. मामाच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय ती संध्याकाळी दावणीला उभी राहत नाही. "मला कधी एक घास भरवला न्हाई ह्यांनी," हे मामीचं ठरलेलं वाक्य.

चहा संपायच्या आतच मामाने मला धारेवर धरलं.

"तुमच्या लोकांनी खुट्या ठोकल्यापासून गुरं बिघडलीत माय. रंगाचा वास येत आसंल. रोज आडून राहिलीत."

"खुंट्यांना कसला वास मामा!"

"मंग चल. डोळ्यांनी बघ."

दिवस मावळत होता. मामाचं घर लाईनच्या या बाजूला, शेत आणि चराई त्या बाजूला. गुरं पलीकडून रमतगमत येत होती, गौरा पुढे. आखणीच्या खुंट्यांपाशी आली आणि सगळी एकदम थांबली. समोर काही नाही, नुसतं मोकळं रान. मी काहीतरी चेष्टा करणार, तेवढ्यात सगळ्यांनी माना डावीकडे वळवल्या. मग त्या माना हळूहळू, सगळ्या एकत्रच, डावीकडून उजवीकडे फिरल्या. काहीतरी लांबलचक समोरून जातंय आणि आपण ते जाईपर्यंत थांबलोय, असं. मग गौराने शेपूट झटकलं आणि गुरं चालू लागली.

मी रेल्वेच्या फाटकावर गाडी थांबवून कितीदा उभी राहिलेय. मला ते ओळखीचं वाटलं, आणि तेच आवडलं नाही.

तरी मी मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या खुंट्या स्वतः उपटून बाजूला ठेवल्या. जीपीएसवर त्या जागा परत सापडतातच. म्हटलं, आता बघू कसला वास येतोय.

संध्याकाळी मी एकटीच अलीकडे उभी राहिले. मामा समाधीवर गेला होता. आमच्यात माणसाला पुरतात, आपल्याच शेतात. मामाच्या वडिलांची समाधी लाईनच्या पलीकडे लिंबाखाली आहे. मामा रोज संध्याकाळी घरून नाकासमोर चालत तिथे जातो, बेलाचं पान ठेवतो आणि तसाच सरळ परततो. गुरांची वाट त्याच्या वाटेपासून जरा बाजूला, ओढ्याच्या अंगाने आहे.

खुंट्या नव्हत्या, तरी गुरं नेमकी तिथेच थांबली. मामा समाधीकडून परत निघाला होता. कळपात चांदी नावाची एक कालवड होती, मामाची भारी लाडकी. तिने मामाला पाहिलं आणि कळप सोडून त्याच्याकडे धावत सुटली. आखणीच्या बरोबर मधोमध तिने त्याला गाठलं आणि अंग घासायला लागली. मामा हसत तिची पाठ थोपटत होता. तिकडे थांबलेल्या बाकीच्या गुरांच्या माना डावीकडून उजवीकडे फिरत होत्या…

झालं काहीच नाही. ना आवाज, ना वारा. मामा चांदीला घेऊन माझ्याजवळ आला.

आणि गुरं वाट सोडून धावत तिथे गेली, जिथे मघाशी मामा आणि चांदी उभी होती. माती हुंगायला लागली. खुरांनी जमीन उकरून हंबरायला लागली – ते नेहमीचं हंबरणं नव्हे. गावाकडच्या माणसांना माहीत असेल, जनावराचं रक्त सांडलेलं असेल तिथे गुरं असं करतात. मामाचा चेहरा उतरला होता.

"हितं कदीच काई कापलं न्हाई, काई मेलं न्हाई," तो पुटपुटला. "कशामुळं वरडून राहिलीत?"

गोठ्यात त्याने गौरापुढे भाकरी धरली. तिने तोंड फिरवलं नाही, मान झटकली नाही. हातच दिसत नसल्यासारखी उभी राहिली. तीच भाकरी मी धरली, तर खाल्ली. चांदी आपल्या आईपाशी गेली, पण आईने तिला हुंगलंसुद्धा नाही.

मी घाबरले होते. सरळ सांगते, खूप घाबरले होते.

पुण्यात येऊन अंडरपाससाठी भांडले. गुरांनी सांगितलं असं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही, म्हणून खरी कारणंच लिहिली. रोजची वाट, पाणी, पावसाळ्यात पुढच्या गावापर्यंत होणारा चिखल. साहेब म्हणाले, आजोळ आलं की इंजिनिअर हळवे होतात. म्हटलं, होतात, आणि अंडरपास हवाच. बरेच दिवस घासाघीस चालली. शेवटी गुरांच्या वाटेवर तो परत आला आणि ड्रॉइंग मंजूर झालं.

मी अजून कुणाला कळवलंही नव्हतं. त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला.

"आज थांबली न्हाईत गं! पर काय की माय… मोकळ्या रानात एकामागं एक, माना खाली घालून गेली. बोळातून गेल्यावानी."

मी घाईने विचारलं,

"आणि चांदी?"

"तिची माय तिला चाटून राहिली. लई दिसांनी."

मला रडूच आलं. "आणि गौरा? खाते ना तुमच्या हातची?"

"न्हाई. मामी चारती आता."

मी ड्रॉइंग पुन्हा उघडलं. अंडरपास गुरांच्या वाटेवर होता. मामाची समाधीकडे जाणारी सरळ वाट मात्र भरावावर चढून रुळांवरूनच जात होती.

"मामा, उद्या रूळ आले तर समाधीला खालूनच जायचं. माझी शपथ आहे."

मामा हसला. "बापाकडं जायला वळसा कशाला घालू? जनावरं जातील खालून. मी आपला सरळ."

लाईन व्हायला अजून किती वर्षं लागतील कुणास ठाऊक. जे पाहिलं त्याचा अर्थ मला लावता आलेला नाही, कुणाला येत असेल तर जरूर सांगा. मी रोज संध्याकाळी फोन करून मामाकडून तेच वदवून घ्यायला बघते. तो वैतागतो, पण शब्द देत नाही.

काल फोन मामीने उचलला. हळू आवाजात म्हणाली, "ह्ये भाकर घेऊन गौराच्या म्होरं हुबे ऱ्हातात बाई. आन् ती ह्यांच्या मागं, वाटंकडं बघून हंबरती… ह्ये अजून घरी आले न्हाईत म्हणून."