घोरंबासुराचा शेवट

बंगळूरात येलहंक्याला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक त्रिविक्रमरावांनी नोकरी विचारली नाही, लग्न विचारलं नाही. विचारलं एवढंच, "मराठी वाचता येतं?" मी पुण्याहून आलेला. येतं म्हणालो. खोली मिळाली आणि 'पुणेकर' हे नावही.

तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले. घरात बोलणं मराठी, पण शाळा कानडी. त्यामुळे कुटुंबात मराठी वाचणारे एकटे त्रिविक्रमराव, आणि नेमके तेच लेखक! कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट देता देता त्यांनी घोरंबासुर नावाचा राक्षस जन्माला घातला होता. त्याचं घोरणं डोक्यावरून जाणाऱ्या लढाऊ विमानांवरून घेतलेलं.

"राक्षस लिहिणं सोपं हो," ते म्हणायचे. "डोंगर उचलला, फेकला, झालं. कठीण म्हणजे नळावरचं भांडण."

त्यांची पत्नी रत्नाबाई संध्याकाळी पाटावर अवरेकाई, म्हणजे आपले पावटे, सोलत बसायच्या आणि हे वाचून दाखवायचे. त्यांनी 'हूं' म्हटलं की पान कायम. 'हूं' आलं नाही की पान फाडायचं, हा घरचा नियम. घोरंबासुराला मारायचे प्रयत्न अनेकदा झाले. दरीत ढकलला, वीज पाडली, एकदा तर नुसत्या पडशानं मरणाच्या दारात नेला. रत्नाबाई मुकाट्यानं पावटे सोलत राहिल्या. शेवटी यांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तो मेला की गोष्ट संपली. मग संध्याकाळी काय करायचं?"

मी राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. मुलगा विश्वेश्वर शहराच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरला. सणावारी यायचा, वडिलांची पुस्तकं आदरानं झटकून पुन्हा फळीवर ठेवायचा. त्रिविक्रमराव एकदा दारातलं कुलूप काढता काढता म्हणाले, "मंत्र म्हटला की शिळा सरकते, असं मी आयुष्यभर लिहिलं. घराच्या दाराला मंत्र चालत नाही, पुणेकर. आत माणूस लागतं."

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं, समोर बसवलं आणि वाचायला सुरुवात केली. मी सभ्यपणा म्हणून दर वाक्याला 'हूं' म्हणत होतो. घोरंबासुर आता म्हातारा झाला होता. त्याला घाबरणारी माणसंच उरली नव्हती. गुहेच्या तोंडाशी बसून तो कोणी तरी चाल करून यावं म्हणून वाट बघत होता. अखेर राजपुत्र आला, त्यानं तलवार उचलली.

"हूं," मी म्हणालो.

वाचन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हूं म्हणालात?"

"म्हणजे... ऐकतोय, एवढंच."

"नाही. दिलेलं हूं परत घ्यायची पद्धत नाही आमच्यात. सरी, ठरलं." आणि त्यांनी पेन उघडून माझ्यादेखत तलवार खाली आणली. रत्नाबाईंनी इतकी वर्षं जपलेला राक्षस माझ्या सभ्यपणानं मेला.

पुढच्या संध्याकाळी खालून वाचण्याचा आवाज आला नाही. त्यानंतरच्याही नाही. मी उतरून गेलो, तर ते हात मांडीवर ठेवून अंधारात बसलेले.

"पुस्तक संपल्यावर लेखक काय करतात हो?"

"विश्रांती घेत असतील."

"ती राक्षसाला मिळाली."

मला अपराध्यासारखं झालं. म्हटलं, "अण्णा, घोरंबासुराला एखादा धाकटा भाऊ नव्हता का?"

त्यांचा चेहरा क्षणभर खुलला. "असणार. परगावी गेला असेल, आता येईल मयताला." मग त्यांची नजर समोरच्या रिकाम्या पाटाकडे गेली. "पण तिला विचारल्याशिवाय त्याला घरात कसा घेऊ?"

मी निघावं म्हणून उठलो, तसे ते घाईघाईनं उठून दिवा लावू लागले.

"बसा हो स्वल्प. कॉफी करतो."