मुसफ्फाचा इतिहास-भूगोल

लेकीच्या शाळेत अमेरिकन सिलॅबस आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्याची जेवढी माहिती आमच्या घरात आहे तेवढी त्या खेड्यातल्या लोकांना तरी असेल की नाही, देव जाणे. टाउनशिप म्हणतात त्याला. मक्याची शेतं, एक ओढा, ओढ्यावर जुनी गिरणी, चर्च आणि मोजकी माणसं. लेक ते मोठमोठ्याने पाठ करायची आणि मी दुसऱ्या दिवशीच्या वड्यांसाठी लसूण सोलत ऐकायचे. आखातातल्या मुसफ्फा या गॅरेज-कारखान्यांच्या वस्तीत आमचं छोटं कॅफेटेरिया आहे; वडापाव, मिसळ, चहा. राहायला आम्ही पलीकडे मोहम्मद बिन झायद सिटीत. पण लेक वाढली ती काउंटरच्या मागे, कारण तिला सांभाळायला दुसरं होतं कोण?

धडा संपला आणि प्रोजेक्ट आला. आता तुमच्या टाउनशिपचा इतिहास, भूगोल, लोकसंख्या लिहा आणि आईवडिलांसमोर वाचून दाखवा. नवऱ्याने संध्याकाळी खुर्ची ओढली आणि साताऱ्याकडचं त्याचं गाव सांगायला घेतलं. नदी, डोंगर, भैरोबाची जत्रा. तो सांगत होता, लेक इंग्रजीत लिहीत होती. मधेच तिने विचारलं, गावातल्या शाळेत मुलं किती? त्याला सांगता येईना. चुलतभावाला फोन लावला तर तो म्हणाला, शाळा केव्हाच बंद पडली, आणि मीही आता पुण्यालाच असतो. नवऱ्याने फोन ठेवला आणि लेकीला म्हणाला, पुष्कळ आहेत असं लिही.

माझं डोकंच फिरलं. ज्या गावात पोरीने उभ्या जन्मात एक सुट्टी काढली, तीही पोट बिघडवून घेऊन, ते तिचं. आणि जिथलं प्रत्येक गॅरेज तिला नावानिशी ठाऊक, ते तिचं नाही? मी म्हटलं, फाड ते. मुसफ्फावर लिही.

“आई, इट्स नॉट माय नेटिव्ह प्लेस,” लेक म्हणाली.

नवरा तिच्याच बाजूने. तसा तो गरीब माणूस, आवाज चढवत नाही, पण या बाबतीत हट्टी. त्याचं म्हणणं, आपण इथे व्हिसा आहे तोवर. खलास म्हणाले की बॅग उचलायची. पाहुण्याने यजमानाच्या दारावर आपली पाटी लावू नये. आणि गाव बापाचं असतं; माझं जे गाव तेच पोरीचं.

बापाचं म्हणे! मी लसणाचं ताट बाजूला सारलं. गाव मलाही होतं, माझ्या बापाचं, कोकणातलं. डोक्यावर अक्षता पडल्या आणि जेवणाची पंगत उठायच्या आत माझं गाव बदललं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बाई, तू इथली नाहीस. उलट आता हेच तुझं म्हणून सासरच्यांनी दम भरला. माझं एका दुपारीत बदलू शकतं, तर जिचा जन्मच इथला तिचं बदलायला काय हरकत आहे? मग मी लेकीला विचारलं, तुझ्या धड्यातली माणसं काय मक्यासारखी जमिनीतून उगवली होती? तिने पान उलटून पाहिलं. गाड्या भरभरून लांबून आली होती. त्यांच्या आधी तिथे दुसरे लोक राहायचे, त्यांच्या वाट्याला सगळी मिळून एक ओळ. बघ, मी म्हटलं, त्यांनी तर दुसऱ्यांना हाकलून गाव आपलं केलं आणि त्याचा धडा झाला. आपण कुणाच्या ताटातलं ओढलेलं नाही. आपण वडे तळले.

नवरा उठून आत गेला. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही.

शनिवारी लेकीला घेऊन कामाला लागले. इतिहास आमच्या गल्लीपासून सुरू केला. आम्ही आलो तेव्हा तिथे दोन गॅरेज, एक बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान, आणि बाकी वाळू. आमच्याकडची मिसळ पहिल्यांदा एका पठाणाने खाल्ली आणि पाणी पाणी करत उठला, हेही इतिहासातच जातं, असं मी तिला ठणकावून सांगितलं. भूगोल तिचा तिनेच लिहिला. जमीन खारट, झाड लावलं तर रुसून बसतं. मागे खाडी. दुपारी पत्र्याला हात लावायची सोय नाही, आणि वारा कुठल्या बाजूचा हे वेल्डिंगच्या वासावरून कळतं. लोकसंख्येसाठी ती टेबलाटेबलाशी गेली. मल्याळी, बंगाली, नेपाळी, आमचे कोल्हापूरचे फॅब्रिकेटर. हिंदीत विचारायची, इंग्रजीत लिहायची.

परत आली ती गोंधळून. म्हणाली, धड्यातल्या गावात निम्मे लोक म्हातारे आहेत, इथे म्हातारं कुणीच कसं नाही? इतकी वर्षं मी चहा ओतते, पण माझ्या ते कधी मनात आलं नव्हतं. मग सांगितलं तिला. वय झालं की कंपनी व्हिसा कॅन्सल करते आणि माणूस घरी जातो. आमच्याकडे त्याची एक रीत आहे. कायमचा जाणारा शेवटच्या दिवशी चहाला आला की चहा नवरा स्वतः करतो, दोन कप घेऊन त्याच्यासमोर बसतो, आणि तो चहा संपेपर्यंत दुसऱ्या कुणाची ऑर्डर घेत नाही. गिऱ्हाइकंही मुकाट थांबतात.

त्या शनिवारीच क्रेनवाल्या चाचांचा शेवटचा चहा होता. आम्ही यायच्या आधीपासून ते इथले. समोर नवरा बसला होता. लेक वही घेऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, चाचा, आपका गाँव कौन सा? त्यांनी पंजाबातल्या एका गावाचं नाव घेतलं.

“बेटा, वहाँ अब मुझे कोई नहीं पहचानता,” ते म्हणाले. “यहाँ तो बिल्ली भी पहचानती है।”

नवऱ्याने तोंडाशी नेलेला कप तसाच खाली ठेवला. नंतर त्या चहावर साय धरली, तरी तो उठला नाही.

शाळेतल्या कार्यक्रमाला तो येईल असं वाटलं नव्हतं, पण इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाकीच्या मुलांनी केरळातली, गुजरातमधली गावं वाचली. निम्मी गावं आजोबांच्या तोंडून ऐकलेली. आमच्या लेकीने मुसफ्फा वाचलं, गॅरेज, खाडी, चाचा सगळं. टीचर बाई चांगल्या, पण हसून म्हणाल्या, सुंदर लिहिलंस, आता पुढच्या वेळी स्वतःच्या गावाबद्दल लिहून आण. पोरीचा चेहरा उतरला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले. माझं इंग्रजी गिऱ्हाइकांपुरतं, तरी तेवढ्यात सांगितलं की मॅडम, हेच स्वतःचं आहे. ती दुसरीकडे जन्मली नाही, दुसरीकडे वाढली नाही. उद्या इथून जावं लागलं तरी ती इथून गेलेली असेल, दुसरीकडून नाही. बाईंनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

बाहेर समोसे आणि ज्यूस होता. पुण्याचे एक गृहस्थ आमचं मराठी ऐकून पुढे आले, ओळख झाली, आणि आपल्या लोकांचा पहिला प्रश्न त्यांनी नवऱ्याला विचारला.

“तुमचं मूळ गाव कुठलं?”

एरवी हा माणूस जिल्हा, तालुका, एसटीचा फाटा, सगळं सांगून मोकळा होतो. त्या दिवशी त्याने समोस्याची बशी माझ्या हातात दिली आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

“मुसफ्फा,” तो म्हणाला.

गृहस्थ हसले. “नाही हो, मूळचं विचारतोय.”

“मूळचंच सांगतोय,” नवरा म्हणाला. “लेकीचं जे गाव, ते आमचं.”