नऊ पावलं वाळू

पाहुणे उठायच्या आत बेटाचा किनारा गुळगुळीत झालेला असायचा. पाऊलखूण नाही की कागदाचा कपटा नाही. हे काम दंताळेकाकांचं. हातातल्या दंताळ्यावरूनच त्यांना हे नाव पडलेलं. चाळीस वर्षं ते वाळू विंचरत होते. धक्क्यापासून साठ पावलं झाली की दंताळं उचलायचं, नऊ पावलं खांद्यावर न्यायचं, मग पुन्हा टेकवायचं. का, ते कुणी विचारलं नाही.

हॉटेलच्या आधी बेटावर तापाचा दवाखाना होता. जहाजांवरचे आजारी इथं उतरवत. बरे झाले तर परत, नाहीतर वाळूत. पुरायचं काम काकांच्या वडिलांकडे. ते प्रत्येकाला डाव्या कुशीवर निजवत, गुडघे पोटाशी, तोंड पाण्यापलीकडच्या गावाकडे. माणसांची वस्ती दिसत राहावी म्हणून. त्या नऊ पावलांत सगळ्यात शेवटी काकांची ताई होती. सात वर्षांची. तिच्यावर कुणाचा भार पडू नये, एवढंच काकांना हवं होतं.

नव्या मॅनेजरबाईंना नेमकी तिथंच छत्र्यांची रांग हवी होती.

"तिथं खांब नको, मॅडम."

"का? वाळू काय तुमच्या सासऱ्यांची?"

"वडिलांची," काका म्हणाले, आणि तोंडाचं कुलूप निघालं. कुणाला कसं निजवलंय, तेवढं सोडून सगळं सांगून टाकलं.

खांब रद्द झाले. काकांचा जीव भांड्यात पडला. आठवड्यानं तिथं आरामखुर्च्या आल्या आणि पाटी लागली: 'गाढ झोपेचा किनारा'.

"एक खड्डा खणला नाही हं, काका," बाई म्हणाल्या.

पाहुण्यांची रीघ लागली. अशी झोप घरीसुद्धा लागत नाही, म्हणायचे. खुर्च्यांची तोंडं उघड्या समुद्राकडे. पण दुपारपर्यंत एकूण एक माणूस डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, तोंड गावाकडे. 

एका दुपारी एका बाईनं शेवटच्या खुर्चीवर आपल्या मुलीला बसवलं. बघता बघता पोरगी मुटकुळं करून निजली. काका धावले. हलवलं, हाका मारल्या. उठेना. तिला उचलून त्यांनी थेट पाण्यात नेलं. लाट पायाला लागली तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

"आजोबांनी आत्ता तर नीट कुशीवर वळवलं होतं," ती कुरकुरली.

आईनं आजूबाजूला पाहिलं. मुलीचे आजोबा बरोबर आलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून काका त्या खुर्चीत बसू लागले. सकाळपासून अंधार पडेपर्यंत, पाठ ताठ. मॅनेजरबाईंनी हरकत घेतली नाही; पाहुणे त्यांच्यासोबत फोटो काढत.

दुपारी बायको डबा घेऊन आली.

"अहो, जेवायला तरी उठा. खुर्ची काय पळून जाणार आहे?"

"मी उठलो की इथं कुणीतरी निजेल."

"मग तेवढा वेळ मी बसते."

काकांनी तिचा हात घट्ट धरला. "तू नको."

तिनं एकवार खुर्चीकडे पाहिलं. मग डबा उघडला आणि उभ्यानंच त्यांना घास भरवू लागली.