शिळ्या पाण्याचा बाण

बायको गेली तेव्हापासून माझ्याशी भांडायला कोणी उरलं नव्हतं. करंजाड्याच्या आमच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर मुलगा-सून, मध्ये भाडेकरू, तळाला मी एकटा. नात नेरूळच्या कॉलेजात इंजिनीअरिंगला आहे. तिला प्रोजेक्टसाठी खरीखुरी यंत्रणा पाहिजे होती. तिनं आमची गच्चीवरची पाण्याची टाकी धरली.

"टाकीत काय शिकायचं, बाय? भरते नि खाली होते."

"तेच शिकायचंय, आबा."

मी चौथीपर्यंतचा, पण तिनं सांगितलं ते कळलं. कॉम्प्युटरवर टाकी म्हणजे चौकोन. पाणी येतं तो एक बाण, जिथं जिथं जातं ते दुसरे बाण. बटण दाबलं की अख्खा दिवस डोळ्यांदेखत झरझर निघून जातो. याला सिम्युलेशन म्हणतात. टाकीत एक यंत्रही सोडलं होतं, ते खरं पाणी मोजायचं. कॉम्प्युटरची लाल रेघ खऱ्या पाण्याच्या निळ्या रेघेवर बसली तर प्रोजेक्ट पास, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

"यात मी कुठं हाय?"

"हा बारीक बाण."

"यवराच?"

"एकट्या माणसाला पाणी लागतं किती?"

रेघ काही बसेना. रोज सकाळी निळी रेघ धाडकन खाली, दुपारीच टाकी कोरडी. प्लंबरला गळती सापडली नाही. माझा संशय मधल्या मजल्यावर. मी सरळ दार वाजवून भाडेकरूला विचारलं, "आंघोल करता का पवता?" बिचाऱ्यानं मला आपली बादली आणून दाखवली.

सबमिशन तोंडावर आलं, तशी नात भल्या सकाळी खाली उतरली. मी माझ्या कामात होतो. बायकोचा नियम होता, कालचं पाणी ओतायचं, ताजं भरायचं. घरात येणाऱ्याला शिळं पाणी द्यायचं नाही. घर भरलेलं होतं तेव्हाची पिंपं, हंडे, कळशा, सगळं मी तसंच ओतून, घासून भरत होतो.

"आबा! हे तू रोज करतोस?"

"मंग? शिलं पानी ठेवू?"

"पितं कोण यातलं?"

मी हंड्यांकडे पाहिलं. सगळे काठोकाठ. "कोनी नाय," म्हटलं.

ती उंबऱ्यावर बसली. कपाळ बडवून हसली, मग जरा रडली, मग डोळे पुसून पिंपाचं माप घ्यायला लागली.

"उद्यापासून बंद करू?" मी विचारलं.

"खबरदार! आता थांबलास तर माझी रेघ परत चुकेल. सबमिशन होईपर्यंत ओत!"

इतक्या दिवसांत कोणी मला असं दटावलं नव्हतं. मी दुप्पट जोमानं घासायला लागलो.

तिनं माझ्या हंड्या-पिंपांचा जाड बाण जोडला, तशी रेघ बसली. कॉलेजात सरांनी जाड बाणावर बोट ठेवलं, "हा काय?" ही म्हणाली, "आमच्या आजीचं शिळं पाणी." सर म्हणाले, "तो काढून टाकून चालव." चालवलं, तर भाडेकरूंना संध्याकाळपर्यंत पाणी पुरलं. पोरगी पास झाली आणि चपलासुद्धा न काढता लॅपटॉप घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. मलाही ते दाखवलं.

"हा जाड बाण काढू का, आबा? तू सांग."

लोकांची आंघोळ अडवून हंडे भरले म्हणून बायकोनं मला झोडपलं असतं.

"काढ," म्हटलं. "पन तिची पितलेची कलशी ऱ्हाव दे."

तिनं जाड बाण पुसला, कळशीसाठी एक बारीकसा बाण आखला आणि बटण दाबलं. रेघ हळूहळू उतरत संध्याकाळपर्यंत गेली.

"पुरतंय," ती म्हणाली.